पाकिटाची चटक सोडवताना या चुका टाळा

पेरणी आणि शाळा एकाच सुमारास सुरू होतात. त्यानंतर उपकेंद्रात येणाऱ्या बायांची एक तक्रार ठरलेली असते: पोरगं घरचं जेवत नाही, दुकानातलं खाऊचं पाकीट मागतं. मोठ्यांचंही तेच आहे, फक्त त्यांना बोलून दाखवायला लाज वाटते. शुगरची गोळी चालू असलेला माणूस चहासोबत अर्धा पुडा बिस्किटं खातो आणि ‘मी गोड सोडलं’ असं मनापासून सांगतो, कारण बिस्कीट त्याच्या हिशेबात गोडात येतच नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत आरोग्यसेविका म्हणून फिरताना ज्या चुका मी पुन्हा पुन्हा पाहते, त्या इथे लिहिते. त्यातल्या दोन चुकांवर सविस्तर बोलणार आहे, कारण बाकीच्या बऱ्याचशा त्यांच्यातूनच निघतात.

एका दिवसात सगळं बंद करणं

मागच्या खरिपात एक आई पाचवीतल्या मुलाला घेऊन आली. मोबाइलवर काहीतरी पाहून ती घाबरली होती आणि तिनं घरातली पाकिटं, बिस्किटं, टोस सगळं एका दमात बंद केलं होतं. “सिस्टर, म्या तं सगळं बंद केलं ना जी. मंग पोट्टं अजूनच काहून पिसाळलं?” पोरानं आजीच्या बटव्यातून पैसे काढले, पानठेल्यावरून पोंगे आणले आणि गोठ्यात बसून खाल्ले. बापाला कळलं, त्यानं हाणलं. आई माझ्यासमोर रडत होती आणि पोरगं भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्यानं फरशी खरडत होतं.

पाकीट का खातोस, हे मी त्याला विचारलं नाही. काल सकाळपासून काय काय खाल्लंस ते ओळीनं सांग, म्हटलं. सकाळी चहा-टोस. मधल्या सुट्टीत मित्राच्या पाकिटातले चार-दोन घास. त्यामुळे शाळेतली खिचडी अर्धी टाकली. पाचला शाळा सुटली तेव्हा आई निंदायला गेलेली होती, ती दिवेलागणीला येणार. टोपलीत भाकर नाही, भाजीचं गंज (पातेलं) पालथं. पाच ते आठ पोरगं रिकाम्या पोटी, आणि शाळा ते घर या वाटेवर दुकानाच्या दारात पाकिटांच्या माळा लटकलेल्या.

या पोराला चटक कमी आणि भूक जास्त होती. सकाळच्या टोसमध्ये मैदा आणि साखर, चहात पुन्हा साखर. अशा खाण्यानं रक्तातली साखर भरकन चढते, तिला आवरायला इन्सुलिन येतं, आणि दोन-तीन तासांत पोट पुन्हा काहीतरी चटकदार मागतं. डाळ, दाणे, भाकर यांतली प्रथिनं आणि चोथा हळूहळू पचतात, म्हणून ती ओढ उशिरा लागते. पोटात तसं काही न घालता वरचं पाकीट काढून घेतलं, तर पोराकडे चोरीशिवाय काय उरतं?

मी त्या आईला तीन गोष्टी सांगितल्या. सकाळी चहाच्या आधी भाकर, रात्रीची शिळी असली तरी चालेल, तेल आणि जवसाची चटणी लावून. पोराचा हात पुरेल अशा फळीवर एक डबा, त्यात फुटाणे, शेंगदाणे आणि गुळाचा खडा. पाच वाजताचं खाणं आईच्या येण्यावर अडून राहायला नको. आणि पाकीट बंद करायचं नाही, बाजाराच्या दिवशी एक, तेही जेवण झाल्यावर. तिसरी गोष्ट ऐकून तिला मी चुकीचं सांगते आहे असंच वाटलं. पण भरल्या पोटी पोरगं पाकीट अर्धं खाऊन बहिणीला देतं, हे तिनं पुढे स्वतःच येऊन सांगितलं. दिवाळीपर्यंत पोराचं घरचं जेवण रुळावर आलं. मधून मधून तो घसरतो, घसरू द्यावा.

आठ दिवसांत फरक दिसला पाहिजे म्हणून येणाऱ्यांना मी परत पाठवते. जिभेला कमी मीठ, कमी साखर रुचायला काही आठवडे लागतात. चहातली साखर एक चमच्यावरून एकदम शून्यावर आणणारे बहुतेक जण महिन्याभरात दोन चमच्यांवर दिसतात. मी सगळ्यांना सांगते की आधी पाऊण करा, त्याची सवय झाली की अर्धा.

आकड्यांना भिणं आणि मीठ विसरणं

ही माझी दुसरी डोकेदुखी. बचत गटाच्या बैठकीत एका ताईनं फोन पुढे केला. पाकिटावर ६३१ लिहिलं असेल तर त्यात डुकराची चरबी असते, असं त्यात कोणीतरी ठासून सांगत होतं. बायांनी तोंडाला पदर लावले. मी समोरच्या दुकानातून तीच पाकिटं मागवली आणि नववीतल्या एका पोरीला मागची बाजू मोठ्यानं वाचायला लावली.

हे आकडे म्हणजे अन्नात मिसळलेल्या पदार्थांचे ठरलेले क्रमांक. ६३१ म्हणजे डायसोडियम इनोसिनेट. ती चरबी नाहीच, चव वाढवणारा क्षार आहे. तो मांस-मासळीपासून काढता येतो तसा स्टार्च आंबवूनही बनतो. दूध-मध सोडून प्राण्यापासून आलेला दुसरा घटक असेल तर आपल्याकडे पाकिटावर मांसाहाराची तपकिरी खूण छापावीच लागते. आमच्या हातातल्या प्रत्येक पाकिटावर हिरवी खूण होती. ६२१ म्हणजे ज्याला आपण अजिनोमोटो म्हणतो ते. जपानचे किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळातून ही चव वेगळी काढली, आणि त्यातलं ग्लुटामेट पिकल्या टमाटरातही असतं. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबातलं. तेव्हा आकडा दिसला की विष, हा हिशेब चुकीचा आहे.

मग हे आकडे निरुपद्रवी म्हणून सोडून द्यायचे का? तसंही नाही. ६२१ सोबत ६२७ (६३१ सारखाच चवीचा क्षार) किंवा ६३१ आलं की एकमेकांची चव कितीतरी वाढवतात, आणि त्या चवीचं काम एकच: हात पुन्हा पाकिटात जावा. अमेरिकेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २० प्रौढांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. दोन्हीकडे ताटात उष्मांक, साखर, मीठ, स्निग्ध पदार्थ आणि चोथा सारखाच ठेवला आणि हवं तेवढं खा म्हटलं. तयार अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, भराभर खात होती, आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वजन वाढलं. पोंगे तोंडात विरतात, चावावे लागत नाहीत. पोट भरल्याची खबर मेंदूला लागायला वीसेक मिनिटं जातात, तोवर पाकीट रिकामं झालेलं असतं. फुटाणे इतक्या वेगानं कोणी खाऊन दाखवावेत.

त्या बैठकीत ६३१ वर सगळ्या बोलल्या, सोडियमच्या ओळीकडे एकीनंही पाहिलं नाही. त्यांच्यात दोघी बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या. म्हणून हिशेब तिथेच करून घेतला. समजा, १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं आहे आणि पाकीट ५० ग्रॅमचं आहे, तर पोटात गेलं ४०० मिलिग्रॅम. त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं: १ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. ठेचा, लोणचं, पापड आणि वरून भाजीत घातलेलं मीठ धरून आपण ती हद्द घरातच ओलांडतो. त्यावर हे पाकीट.

माझी सवय सांगते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायची असा नियम आहे, त्यामुळे मी पहिली तीन नावं वाचते आणि मग सोडियम. मैदा, साखर, पामतेल हीच तीन नावं आली, तर पुढचे आकडे कितीही निर्दोष असोत, ते रोजचं खाणं नाही. साध्या समजल्या जाणाऱ्या ग्लुकोज बिस्किटावरही हीच तीन नावं सापडतात.

लहान लेकरांसाठी मात्र दोन आकडे मी मुद्दाम शोधते: १०२ आणि ११०, पिवळा आणि नारिंगी रंग. २००७ मध्ये ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात असे काही रंग आणि सोडियम बेंझोएट (पदार्थ टिकवणारं रसायन) एकत्र दिल्यावर मुलांमधली चंचलता वाढलेली दिसली. त्यानंतर २०१० पासून युरोपात असे रंग असलेल्या पदार्थांवर तशी सूचना छापणं बंधनकारक झालं. आपल्याकडे ते मर्यादेत वापरायला परवानगी आहे आणि सूचना नसते, म्हणून आकडा आपणच पाहायचा.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

रडणाऱ्या लेकराच्या हातात पाकीट देऊ नका. कधीच नको.

पाकिटाला भिऊन बाजारातलं उघडं रंगीत खाणं आणू नका. पाकिटावर निदान काहीतरी लिहिलेलं असतं. २०२४ मध्ये तमिळनाडूनं रोडामिन-बी सापडल्यामुळे गुलाबी कॉटन कँडीवर बंदी घातली. तो कापड रंगवायचा रंग आहे.

दुधात घालायच्या पावडरीवर पैसे घालवू नका. ‘हेल्थ ड्रिंक’ अशी कुठली व्याख्या आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही. त्या पैशात महिन्याचे शेंगदाणे येतात.

दवाखान्यात रोग्याला भेटायला जाताना बिस्किटाचा पुडा नेऊ नका, मोसंबी न्या.

खर्रा खाऊन दुपारची भूक मारणारे संध्याकाळी शेव-चिवड्यावर तुटून पडतात. तंबाखूतलं निकोटीन भूक दाबतं, भागवत नाही. तोंडाच्या कर्करोगाचं तर वेगळं सांगायलाच नको.

शेतीला रात्रीची लाइन (वीज) असली की ओलितासाठी जागणारा माणूस दुसऱ्या दिवशी सारखं खातो. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं. त्याला घरच्यांनी ‘जीभ आवर’ म्हणून टोचू नये. दुपारी तासभर झोपू द्यावं.

उन्हाळ्यातलं थोडं निराळं. मे महिन्यात दिवसभर वखरामागे किंवा रोजगार हमीच्या कामावर घाम गाळणाऱ्याला खारट खावंसं वाटणं साहजिक आहे, घामातून मीठ जातंच. त्याला मीठ घातलेला मठ्ठा किंवा आंबील द्या. रंगीत गोड सोडा नको, त्यात साखरच जास्त.

प्रत्येक ओढ पाकिटाची नसते

माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ खावासा वाटणं याला गावात डोहाळे म्हणतात किंवा वाईट सवय. पोरीला त्यावरून मार बसलेला मी पाहिला आहे. बऱ्याचदा यामागे अंगात लोह कमी असतं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला, तेव्हा ही शंका आधी घ्यावी आणि रागवावं नंतर. हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. त्या चहासोबत घेऊ नका, आणि जेवणावर लगेच चहाही नको, कारण चहा लोह शोषू देत नाही. मधे तासभर जाऊ द्या. गोळीसोबत लिंबूपाणी घेतलं तर उत्तम. शौचाला काळं होतं म्हणून गोळ्या सोडू नका, ते अपेक्षितच आहे.

आणि मोठ्या माणसाला गोडाची ओढ, सारखी तहान, रात्री लघवीला दोन-तीनदा उठणं आणि न कळत उतरणारं वजन असं एकत्र दिसलं, तर पाकिटाची चर्चा बाजूला ठेवून रक्तातली साखर तपासा. तिशीपुढच्या सगळ्यांची ही तपासणी उपकेंद्रात मोफत होते. उपाशीपोटीची तपासणी करायची असेल तर सकाळचा चहाही न घेता या.