ॲसटीग बेटावर तंबू ठोकताय? या चुका टाळा

ॲसटीग म्हणजे अमेरिकेतल्या मेरीलँड आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या किनाऱ्यालगतची ३७ मैल लांबीची वाळूची चिंचोळी पट्टी. पूर्वेला उघडा अटलांटिक, पश्चिमेला उथळ खाडी. एकेकाळी इथे भूखंड पाडून विकले होते, डांबरी रस्ताही झाला होता. मार्च १९६२ च्या वादळाने तो उखडला आणि १९६५ मध्ये इथे नॅशनल सीशोर, म्हणजे केंद्र सरकारने राखलेला किनारा, झालं. जिथे डांबर टिकलं नाही, तिथे तंबूबरोबर फुकट मिळालेल्या सहा-सात इंची मेखा टिकतील असं लोकांना दर उन्हाळ्यात का वाटतं, हे कोडंच आहे.

खरी मेख तिथेच आहे. नेहमीचं चित्र असं: शुक्रवारी ऑफिस आटोपून निघायचं, वाटेतल्या चेसापीक खाडीवरच्या बे ब्रिजच्या गर्दीत अडकायचं, अंधार पडता पडता पोचायचं. मेखा हाताने दाबल्या तरी लोण्यासारख्या आत जातात, त्यामुळे दहा मिनिटांत तंबू उभा आणि मंडळी चहाला मोकळी. जी मेख लोण्यासारखी आत गेली ती तशीच बाहेर येणार, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मध्यरात्रीनंतर वारा ईशान्येकडे फिरतो. वाऱ्याच्या बाजूची एक मेख सुटते, तंबूच्या पोटात हवा शिरते आणि त्याचं शीड होतं. फायबरची काठी चिरते, तिचं टोक कापड फाडून बाहेर येतं आणि अख्खं कुटुंब उरलेली रात्र गाडीत बसून काढतं. सकाळी दोष तंबूच्या कंपनीला!

वाळूसाठी किमान १८ इंची, रुंद पात्याच्या मेखा घ्या. वरची कोरडी, भुसभुशीत वाळू हाताने बाजूला करा आणि खालच्या ओलसर थरात मेख ठोका, तिचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं ठेवून. वाऱ्याच्या बाजूचे कोपरे आधी पक्के करा, दार वाऱ्याकडे पाठ करून लावा. तणावे, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्या, लांब सोडा. दोरी जितकी आडवी, तितकी मेख कमी उपसते.

याहून भरवशाचा उपाय फुकटचा आहे. एक मजबूत कापडी पिशवी वाळूने भरा, तिच्या मध्यावर तणावा बांधा आणि ओढीच्या दिशेला आडवी, दीड फूट खोल पुरून वरून पायाने तुडवा. वाळूला मेखेची बारीक कड धरता येत नाही, पण पिशवीवर दीड फूट वाळूचं ओझं बसतं. चार कोपऱ्यांना अर्धा तास जातो. ज्याला हा अर्धा तास जड वाटतो त्याने सरळ हॉटेलात खोली घ्यावी. सावलीसाठीचा मांडव मात्र पोहायला जाताना उतरवूनच ठेवा. त्याला मेखा काय आणि पिशव्या काय, काहीच पुरत नाही.

दुसरी लाडकी चूक घोड्यांची. इथले घोडे मोकाट आहेत, पाळीव नाहीत. खाऱ्या दलदलीतलं गवत खाऊन ते खूप पाणी पितात म्हणून पोटं फुगलेली दिसतात. 'बिचारा गोड दिसतोय' म्हणून पोळीचा तुकडा पुढे करणाऱ्यांमुळे पुढचं सगळं घडतं. 'चिप' नावाने ओळखला जाणारा एक घोडा माणसांच्या खाण्याला इतका सोकावला की लोकांवर धावून जायला लागला, काहींना इजाही झाली. २०२२ मध्ये त्याला बेटावरून काढून टेक्सासमधल्या प्राणी-आश्रयस्थानात पाठवावं लागलं. चूक खायला घालणाऱ्यांची, हद्दपारी घोड्याची.

घोड्यापासून किमान ४० फूट लांब राहा, म्हणजे साधारण एका बसच्या लांबीइतकं. तो जवळ आला तर मोबाइल न काढता मागे सरायचं. खाणं गाडीत, काचा वर करून, कुलूप लावून. चिवड्याचा पुडा तंबूत ठेवून वर 'चेन लावली आहे ना' म्हणणाऱ्यांनी समजून घ्यावं की घोडा चेन उघडत नाही, तंबू फाडतो. बर्फाच्या कूलरची खिट्टीही त्याला अडवत नाही, वरून आवळपट्टा हवा. उष्टी ताटं टेबलावर ठेवून लाटा बघायला जाऊ नका. तणाव्यांना रंगीत चिंध्या बांधल्या की रात्री घोडेही अडखळत नाहीत आणि तुम्हीही.

बुकिंगचा घोळ: मेरीलँडच्या बाजूला राज्य सरकारचं स्टेट पार्क आणि नॅशनल सीशोर असे दोन वेगळे कारभार आहेत. पूल ओलांडल्यावर समोर स्टेट पार्क, उजवीकडे वळलं की सीशोर. एकाची पावती दुसरीकडे चालत नाही. गरम पाण्याची अंघोळ स्टेट पार्कात. सीशोरमध्ये पाणी थंडच, विजेची जोडणीही नाही. व्हर्जिनियाच्या, म्हणजे शेजारच्या शिंकटीग गावाकडच्या बाजूला या बेटावर मुक्काम करताच येत नाही आणि तिथे कुत्रा गाडीत ठेवूनही चालत नाही. दोन टोकांना जोडणारा रस्ता बेटावर नाही, मुख्य भूमीवरून तासाभराहून जास्त वळसा पडतो.

खाडीकडची जागा सूर्यास्तासाठी सुंदर, पण जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी तिथे डासांचंच राज्य असतं. समुद्राकडच्या जागेला वारा मिळतो, सावली अजिबात नाही.

शेकोटी वाळूने बुजवू नका. ही चूक 'नीटनेटकी' माणसं करतात. वाळूखाली निखारे तासन्‌तास धगधगतात, वरून काहीच दिसत नाही आणि सकाळी अनवाणी धावणाऱ्या पोराचा पाय नेमका तिथे पडतो. शेकोटी भरतीच्या रेषेखाली पेटवा. विझवताना बादलीभर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता. हाताची मागची बाजू राखेवर धरा. ऊब लागली तर आणखी एक बादली. लाकूड घरून आणू नका, त्यातून झाडं पोखरणारे किडे येतात. बेटाजवळच विकत मिळतं.

गाडी वाळूत न्यायची असेल तर परवाना काढा आणि टायरची हवा १५ पीएसआयच्या आसपास उतरवा. फावडं, जॅक, त्याखाली ठेवायची फळी, ओढायची दोरी आणि टायरमधला कमी दाब मोजणारा मापक हे सगळं बरोबर हवं. चाक रुतल्यावर ॲक्सिलरेटर दाबणारा गाडी आसापर्यंत पुरतो.

वाळूच्या टेकड्यांवर चढू नका, गवताच्या मुळांनीच त्या धरून ठेवल्या आहेत. तिथल्या झुडपांत पॉयझन आयव्ही नावाची वेलही असते, अंगाला लागली की पुरळ उठतं. गवतातून आलात की गुडघ्यामागे, कमरेपाशी आणि पोरांच्या कानामागे गोचीड शोधा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा. तेल, काडी असले घरगुती प्रयोग नकोत.