पहाटेचं पोर्ट्रेट: कोकणात पाठ समुद्राकडे, तोंड सुरूंकडे

समुद्रातून वर येणारा सूर्य आणि त्याच्यापुढे उभं माणूस, हे चित्र आधी डोक्यातून काढा. ते पूर्व किनाऱ्याचं आहे. आपला सूर्य सह्याद्रीमागून उगवतो आणि माड-सुरूंच्या शेंड्यांवरून किनाऱ्यावर येतो. ‘सकाळी सूर्य माणसाच्या पाठीशी घ्या’ हा सल्ला गुहागरला पाळलात, तर मागे समुद्राऐवजी सुरूचं बन येईल.

दिवस तिथी बघून ठरवा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे पहाटे ओली, मोकळी पुळण कमीच मिळते. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस धरा. उजाडताना पाणी ओसरलेलं असतं आणि ओल्या वाळूवरून उजेड हनुवटीखालीही पोचतो. एसीच्या खोलीतून कॅमेरा अर्धा तास आधी बाहेर ठेवा, नाहीतर काच धुरकटते.

खरं काम सूर्योदयाच्या आधीच्या वीसेक मिनिटांत. माणसाचं तोंड जमिनीकडे करा. पूर्वेचं उजळतं आभाळ चेहऱ्यावर इतका मऊ प्रकाश टाकतं की रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा फलक) लागत नाही. आणि मागे, समुद्राच्या रेषेवर, निळसर-करडा पट्टा दिसतो. ती पृथ्वीची सावली. तिच्यावर गुलाबी पट्टा. डोकं त्या गुलाबीत यायला हवं, आणि बहुतेकांचं इथेच बिनसतं.

क्षितिजाची रेषा माणसाला नेहमी तुमच्या लेन्सच्या उंचीवर कापते. डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढलात, तर ती थेट डोळ्यांतून जाते. कितीही सुंदर चेहरा असो, फोटो गेला! म्हणून गुडघ्यावर बसा, लेन्स कमरेच्या जरा वर ठेवा, तीनेक मीटर मागे सरका. रेषा पोटाशी उतरते, डोकं बरोबर गुलाबीत जातं. हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. खांदे तिरके ठेवा, नाहीतर समोरच्या उजेडात चेहरा सपाट दिसतो.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा ठरवणारी सेटिंग, ऑटोवर मुळीच ठेवू नका, तो गुलाबी खाऊन टाकतो. 6000 केल्विनच्या आसपास पक्का करा. प्रकाश गालावरून मोजा, आणि सावळा गाल सावळाच राहू द्या. उगाच उजळायला गेलात तर मागचा रंग धुऊन जातो. शटर 1/200, अ‍ॅपर्चर 2.8, आयएसओ लागेल तेवढा वाढवा. मळभ असेल तर पट्टा दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीची निरभ्र पहाट सर्वांत भरवशाची.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांना कामाच्या मधे थांबवून पोज मागू नका. जाळं वर येऊ द्या, मग विचारा.

सूर्य शेंड्यांवर आला की डोळे मिचमिचतात. मग बनाच्या सावलीच्या कडेला सरका, तिथे थोडा वेळ आणखी मिळतो. लेन्सवरची वाळू आधी ब्लोअरने उडवा, फडकं त्यानंतर.