खान्देशात राहून बालविकासाचं संशोधन: पहिला अभ्यास कसा उभारायचा

मुलाचा विचार साध्याकडून गुंतागुंतीकडे कसा जातो, हे मोजणं हा वर्तनशास्त्रातला एक स्वतंत्र आणि चिवट विषय आहे. या कामात शिरण्याची कागदावरची वाट सरळ आहे. एमए मानसशास्त्र ५५ टक्क्यांनी (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सूट), मग नेट ही यूजीसीची पात्रता परीक्षा. पहिला पेपर ५० प्रश्न, दुसरा १००, दोन्ही मिळून तीन तास. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली असेल तर एमएशिवायही पीएचडीला अर्ज करता येतो. पीएचडीला किमान तीन, कमाल सहा वर्षं. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे जळगावच्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. बालविकासाचा गाइड मिळाला नाही तर शिक्षणशास्त्रातला किंवा संख्याशास्त्रातला सह-मार्गदर्शक शोधा. संख्याशास्त्रातला मिळाला तर उत्तमच, कारण या कामात पुढे अडतं ते आकड्यांपाशी.

आमचा सल्ला मात्र असा की पीएचडीआधीच एक छोटा, नेटका अभ्यास हातावेगळा करा. मुलाखतीत विषय सांगणारे भरपूर असतात, स्वतः गोळा केलेला डेटा समोर ठेवणारे थोडे. त्यासाठी तराजूच्या दांडीचा प्रयोग सगळ्यात चांगला: दांडीच्या दोन्ही बाजूंना वजनं लटकवायची आणि कोणती बाजू खाली जाईल ते मुलाला विचारायचं. स्वस्त आहे, भाषेवर फारसा अवलंबून नाही आणि पियाजे-इनहेल्डर या मानसशास्त्रज्ञांपासून आजपर्यंत त्यावर सतत काम झालेलं आहे.

आधी प्रश्न मोजा, मग मूल

नवख्यांची गाडी इथेच घसरते. शाळेत जाऊन शंभर मुलांना प्रश्न विचारून येतात आणि मग घरी बसून कुठला प्रश्न किती अवघड होता ते ठरवतात. हे उलटं आहे. मानसशास्त्रज्ञ मायकल कॉमन्स आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून मांडलेल्या श्रेणीबद्ध गुंतागुंतीच्या सिद्धांताचा गाभा हा की गुंतागुंत हा कामाचा गुणधर्म आहे. मुलाची पायरी म्हणजे त्याने पार पाडलेल्या कामाची श्रेणी. म्हणून श्रेणी मुलं भेटण्याआधी कागदावर ठरलेली असली पाहिजे.

वरच्या श्रेणीचं काम ओळखायच्या तीन अटी आहेत. ते खालच्या श्रेणीच्या किमान दोन कृतींपासून बनलेलं असतं, त्या कृतींची ते जुळणी करतं आणि ती जुळणी मनमानी नसते, क्रम बदलला तर उत्तर बिघडतं. ३ + ४ करणं एक कृती, ५ × ७ करणं दुसरी. ५ × (३ + ४) करताना आधी काय आणि मग काय याला महत्त्व येतं, म्हणून हे वरच्या श्रेणीचं. पण ३ + ४ + ६ + २ + ९ हे लांबलचक असलं तरी श्रेणी तीच. तिथे फक्त ओझं वाढलं. प्रश्नपत्रिकेत ‘अवघड’ म्हणून घातलेले बरेच प्रश्न असे नुसते लांबच असतात.

वाचताना एक खबरदारी घ्या. श्रेणींचे क्रमांक जुन्या आणि नव्या लेखांत एकाने सरकलेले आहेत. जुन्या लेखातली १०वी श्रेणी नव्यात ११वी होते. क्रमांकावर न जाता श्रेणीच्या नावाने नोंद ठेवा.

दांडी कशी बनवायची

सुताराकडून सागाची वाळलेली, सरळ पट्टी घ्या: ६४ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद, १ सेंमी जाड. बरोबर मध्यावर, पण वरच्या कडेपासून फक्त अर्धा सेंमी खाली, बोल्टसाठी भोक पाडा. मध्यापासून दोन्ही बाजूंना ७, १४, २१ आणि २८ सेंमीवर एकेक खिळा, वरच्या कडेपासून २ सेंमी खाली. खिळा पुढे अडीच सेंमी बाहेर राहू द्या आणि किंचित वर वळलेला ठोका, म्हणजे वजन म्हणून लटकवायचे वायसर (नट-बोल्टच्या भोकाच्या चकत्या) घसरणार नाहीत.

ही उंची नीट सांभाळा. खिळे बोल्टच्या वर गेले तर वायसर लावताच भाराचा मध्य टेकूच्या वर जातो आणि दोन्ही बाजू सारख्या असूनही दांडी एकीकडे धाडकन कलते. उलट खिळे फार खाली घेतले तर दांडी आळशी होते, थोडा फरक दाखवतच नाही. बोल्ट एकाच खांबात नको, पट्टीच्या पुढे-मागे दोन खांब हवेत. पुढच्या बाजूला वजन लटकलं की पट्टी तोंडावर येते, ते दोन खांबांनी टळतं.

वायसर नट-बोल्टच्या दुकानातून एकाच खोक्यातले घ्या आणि सराफाच्या काट्यावर प्रत्येक तोलून बघा. एकाच मापाच्या वायसरांची जाडीही कमी-जास्त निघते. ४० घेतले तर त्यातून सारख्या वजनाचे २४ सहज मिळतात. रोज सकाळी दांडी रिकामी ठेवून समतल आहे का बघा आणि नसेल तर हलक्या टोकाला मागून चिमूटभर मेण लावा. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, त्यामुळे ही तपासणी टाळता येत नाही.

दोन लाकडी ठोकळे दांडीच्या दोन टोकांखाली कायम लावलेले असतात. मुलाने दांडी हलताना बघायची नाही, ठोकळे काढले तर काय होईल एवढंच सांगायचं. दांडी एकदा मोकळी सोडली की मूल त्यातून शिकतं आणि पुढच्या प्रश्नांचं माप बिघडतं.

२४ प्रश्न

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीगलर यांनी १९७६ मध्ये या प्रयोगाची जी रचना मांडली ती आजही वापरण्याजोगी आहे. प्रश्नांचे सहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न:

– समतोल: दोन्हीकडे मध्यापासून २ऱ्या खिळ्यावर ३ वायसर.
– फक्त वजन वेगळं: ३ऱ्या खिळ्यावर ४ विरुद्ध ३ऱ्यावर २.
– फक्त अंतर वेगळं: ४थ्यावर ३ विरुद्ध २ऱ्यावर ३.
– पेच (एका बाजूला वजन जास्त, दुसरीकडे अंतर जास्त), वजन जिंकतं: २ऱ्यावर ४ विरुद्ध ३ऱ्यावर २.
– पेच, अंतर जिंकतं: १ल्यावर ३ विरुद्ध ४थ्यावर २.
– पेच, बरोबरी: १ल्यावर ४ विरुद्ध २ऱ्यावर २.

मुलं साधारण चार नियमांपैकी एकाने चालतात. पहिल्या नियमात मूल फक्त वजन बघतं. दुसऱ्यात वजन सारखं असेल तरच अंतराकडे वळतं. तिसऱ्यात दोन्ही बघतं, पण पेच आला की अंदाज मारतं. चौथ्यात वजन गुणिले अंतर.

आता बेरीज करून बघा. पहिल्या नियमाच्या मुलाला २४ पैकी १२ मिळतात. दुसऱ्याला १६. तिसऱ्या नियमाच्या मुलाला पेच नसलेले १२ आणि पेचाच्या १२ प्रश्नांत अंदाजाने सरासरी ४, म्हणजे पुन्हा १६. एकूण गुणांवरून दुसरा आणि तिसरा नियम वेगळे करताच येत नाहीत. त्याहून गंमत अशी की वजन जिंकणाऱ्या पेचात पहिल्या नियमाचं मूल चारपैकी चार बरोबर सांगतं, तर विचाराने पुढे गेलेलं तिसऱ्या नियमाचं मूल गोंधळून एखादंच. शिक्षक म्हणतील, पोरगं मागे पडलं! म्हणून एकूण गुण नोंदवा, पण निष्कर्ष काढा तो उत्तरांच्या नमुन्यावरून. २४ पैकी किमान २० उत्तरं जुळली तर ज्या नियमाशी सगळ्यात जास्त जुळतात तो नियम लिहा; पेच नसलेले प्रश्न बरोबर आणि पेचात नुसता अंदाज असेल तर तिसरा, नाहीतर ‘अनिश्चित’.

पेचाचे प्रश्न निवडताना बेरजेचा सापळा टाळा. काही मुलं वजन आणि अंतर गुणत नाहीत, मिळवतात. २ऱ्यावर ३ विरुद्ध ३ऱ्यावर २ या प्रश्नात गुणाकार ६-६ आणि बेरीज ५-५, दोघांचं उत्तर बरोबरच. असा प्रश्न काही सांगत नाही. त्याऐवजी १ल्यावर ५ विरुद्ध ३ऱ्यावर २ द्या. बेरजेने ६ विरुद्ध ५, डावी बाजू खाली. गुणाकाराने ५ विरुद्ध ६, उजवी खाली. प्रत्येक पेच प्रकारात निदान दोन प्रश्न असे फोड करणारे हवेत.

आठवीच्या मुलांसाठी चार जादा प्रश्न ठेवा, ज्यात एकाच बाजूला दोन खिळ्यांवर वायसर असतील. तिथे दोन गुणाकार करून त्यांची बेरीज लागते, म्हणजे खरोखर एक जुळणी वाढते. एकाच खिळ्यावर आठ वायसर लावल्याने मात्र फक्त मोजणी लांबते.

भाषा

अमळनेरकडे अहिराणी, यावल-रावेरला लेवा बोली, धडगाव-अक्कलकुव्यात भिली आणि पावरी, नवापूरला मावची. पुस्तकी मराठीत विचारलं तर मुलाचा विचार नाही, शाळेची सवय मोजली जाते. सूचना दोन ओळींपेक्षा मोठी नको: ‘तुले काय वाटस, कोनती बाजू खाले जाई?’ एवढं पुरे. स्थानिक शिक्षकाकडून बोलीत करून घ्या, दुसऱ्या माणसाकडून ते परत मराठीत आणवा आणि फरक पडला तर पुन्हा करा. तिन्ही उत्तरं (डावी, उजवी, समतोल) हाताने दाखवण्याची मुभा द्या. समतोल दाखवण्याची खूण आधी दोनदा करून घ्या, नाहीतर लाजरी मुलं ते उत्तर देतच नाहीत आणि समतोलाचे आठ प्रश्न वाया जातात.

शेवटी सहा प्रश्नांवर ‘असं का?’ विचारा आणि उत्तर शब्दशः लिहा. ही कारणं दोघांनी एकमेकांचं न बघता गुणांकित करायची. श्रेणी क्रमवार असल्याने जुळणीसाठी भारित कप्पा (weighted kappa, दोघांचं गुणांकन किती जुळतं ते सांगणारा आकडा) काढा, साधा नको. एका पायरीचा फरक आणि तीन पायऱ्यांचा फरक साधा कप्पा सारखाच धरतो.

परवानगी आणि वेळापत्रक

आधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी. त्यानंतर जिल्हा परिषद शाळांसाठी प्राथमिक शिक्षणाधिकारी, आश्रमशाळांसाठी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय (नंदुरबार, तळोदा, धुळे, यावल). पालकांची लेखी संमती, अंगठा असेल तर साक्षीदारासह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वयात मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ मध्ये लेखी. मूल ‘नाही’ म्हणालं तर पालकांची सही असूनही थांबायचं.

धडगावचे रस्ते जुलै-ऑगस्टमध्ये बेभरवशाचे असतात आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलंही गुजरातकडे जातात. उरते ती सप्टेंबर ते ऑक्टोबरची पट्टी. दिवाळीनंतर गेलात तर वर्गात स्थलांतर न करणाऱ्यांचीच मुलं सापडतील आणि तुमचा नमुना गुपचूप बदललेला असेल. श्रावणात आधी जायचं ठरलं तर कानबाईचा सोमवार टाळा. त्या दिवशी शाळेत कोणी नसतं.

वय शाळेच्या रजिस्टरवरून घ्याल तर ‘१ जून’ ही जन्मतारीख पुन्हा पुन्हा दिसेल. ती बहुतेकदा दाखल्यासाठी लिहिलेली असते. माता-बाल संरक्षण कार्ड किंवा अंगणवाडीची नोंद मागा. मिळालीच नाही तर त्या मुलाचं वय महिन्यांत लिहू नका, इयत्ताच लिहा.

किती मुलं, कोणतं गणित

दुसरी, चौथी, सहावी, आठवी, प्रत्येकी २५. शंभर मुलांवर राश मॉडेलमध्ये (प्रश्नाची काठिण्यपातळी आणि मुलाची क्षमता एकाच पट्टीवर मोजणारी संख्याशास्त्रीय पद्धत) प्रश्नाची काठिण्यपातळी साधारण अर्ध्या लॉजिटच्या (त्या पट्टीचं एकक) आत कळते. ३० मुलांवर ती एका लॉजिटइतकी ढोबळ राहते, म्हणजे चाचपणीपुरती. सगळ्यांनी बरोबर किंवा सगळ्यांनी चूक सोडवलेल्या प्रश्नाची काठिण्यपातळी निघतच नाही, म्हणून आधी दहा मुलांवर चाचपणी करून असे प्रश्न गाळा. ‘आर’ हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरतं.

इथे एक पक्की चूक टाळा. राश मॉडेल असं धरून चालतं की मूल पुढे गेलं की प्रत्येक प्रश्न बरोबर येण्याची शक्यता वाढतेच. वजन जिंकणाऱ्या पेचात ती आधी घटते आणि मग वाढते, हे वर पाहिलंच. ते चार प्रश्न राशमध्ये घातले तर मॉडेलशी जुळणार नाहीत आणि तुम्ही प्रश्नाला दोष देत बसाल. ते फक्त नियम ओळखायला वापरा. बाकीच्या प्रश्नांची आधी ठरवलेली श्रेणी आणि नंतर निघालेली काठिण्यपातळी शेजारी-शेजारी मांडा. दोन्हींचा क्रम जिथे जुळत नाही तो प्रश्न, त्याची सूचना, त्याची बोली पुन्हा तपासा. प्रबंधाचं खरं लिखाण या विसंगतींतूनच निघतं.

मुलांची नावं आणि सांकेतिक क्रमांक यांची यादी डेटापासून वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवा. शाळेला परत द्यायचं ते वर्गाचं चित्र: कोणत्या इयत्तेत कोणता नियम किती मुलांचा. एकेका मुलाची पायरी शिक्षकांनी कितीही आग्रह केला तरी देऊ नका. एका प्रयोगावरून तो शिक्का बसला तर पुसला जात नाही. ‘हे मूल मंद आहे का’ असं कोणी विचारलंच तर उत्तर तुमचं नाही. निदान करणं हे पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचं काम. त्यांचा पत्ता आधीच डायरीत असू द्या.