मिग-२१ चं किट घ्यायचंय? डब्यावरचं चित्र बाजूला ठेवा आणि आधी हे बघा

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ रिटायर झालं तेव्हापासून नाशकातले बरेच जण विचारतायत की त्याचं कुठलं प्लास्टिक मॉडेल किट (सुटे भाग जोडून करायचं छोटं विमान) घेऊ, कुठलं ॲक्युरेट आहे, पैसे वसूल होतील का. साहजिक आहे, ओझरच्या एचएएलमध्येच (सरकारी विमान कारखान्यात) तर एफएल, एम आणि बिस अशी तिन्ही व्हर्जन्स बनली. पण दुकानात किंवा ऑनलाइन "MiG" बघून डबा उचलायचा नाही, मी कसा बघतो ते सांगतो.

पहिलं म्हणजे तुम्हाला नक्की कुठलं विमान हवंय ते ठरवा. आपल्याकडे १९६३ मध्ये आधी एफ-१३ आलं, मग एफएल, मग एम आणि बिस, आणि ही सगळी मिग-२१ च असली तरी अंगाने वेगळी आहेत. एफएलची पाठ म्हणजे कॉकपिटच्या मागचा स्पाइन बारीक आणि पोटात तोफच नाही, गरज पडली तर बाहेरून गन पॉड लावायचे. बिसचा स्पाइन चांगला फुगलेला आणि पोटात जीएसएच-२३ तोफ बसवलेली. ओझर टाऊनशिपमध्ये ओळखीचे कुणी रिटायर्ड फिटर काका असतील तर त्यांना डब्याचा फोटो दाखवा. मी एकांना एका ब्रँडचं किट दाखवलं, त्यांनी मोबाईल आडवा धरला, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाले, "पाठ बघ ना, हे बिस नाही रे." डब्यावर मात्र मोठ्या अक्षरात बिस लिहिलं होतं.

हीच गोष्ट सुखोईची. ट्रम्पीटर कंपनीचं सु-३०एमकेके हे चिनी व्हर्जन आहे, त्याला पुढचे छोटे पंख म्हणजे कॅनार्ड नाहीत, शेपटीचे उभे फिनपण वेगळे. त्याच्यावर भारतीय डेकल (खुणा आणि नंबरांचे पातळ स्टिकर) चिकटवून ओझरला बनणारं आपलं सु-३०एमकेआय होत नाही. झ्वेझ्दा कंपनीचं सु-३०एसएम जास्त जवळचं पडतं कारण ते एमकेआयच्याच घराण्यातलं आहे, ॲन्टेना आणि कॉकपिटमधल्या बारीक गोष्टी तेवढ्या बदलाव्या लागतात. नॅट या जुन्या फायटरचंही तसंच, एअरफिक्स कंपनीचं किट दोन सीटच्या टी.१ ट्रेनरचं, आपल्या एअरफोर्सने मात्र एका सीटचं एफ.१ उडवलं आणि टी.१ चा पंखसुद्धा मोठा आहे, त्यामुळे नुसता रंग बदलून जमत नाही.

आता माप. मिग-२१ चा विंगस्पॅन (पंखांच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर) ७.१५४ मीटर, म्हणजे १/७२ स्केलमध्ये (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) साधारण ९९.४ मिमी आणि १/४८ मध्ये १४९ मिमी यायला हवा. पार्ट टेपने तात्पुरते जोडा आणि व्हर्नियर कॅलिपरने मोजा. लांबी मोजून किटला नावं ठेवू नका, कारण नाकावरची पिटॉट दांडी (वेग मोजायची नळी) धरून आकडा दिलाय की सोडून, हे पुस्तकागणिक बदलतं आणि लोक त्याच्यावरून उगाच भांडतात. स्पॅनमध्ये अर्धा-एक मिमी कमी-जास्त असेल तर मी सोडून देतो, शेल्फवर ठेवल्यावर कुणालाच कळत नाही. कोन चुकला की मात्र लगेच कळतं. पंखाची पुढची कड ५७ अंश मागे झुकलेली असते, शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून बघा, आणि पंख टोकाकडे २ अंश खाली उतरतात, खूप जण ते सरळच चिकटवतात आणि मग विमान ओळखीचंच वाटत नाही. त्यानंतर कॅनॉपीचा (कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणाचा) आकार आणि नाकाचं गोल तोंड. मला विचाराल तर सगळा चेहरा या दोन जागांवर आहे, तिथे चूक असलेलं किट मी स्वस्त मिळालं तरी घेत नाही, कारण ती चूक सुधारणं फार कष्टाचं काम आहे.

पॅनेल लाईन्सचंपण (पत्र्यांच्या जोडांच्या रेषांचं) गणित करून बघा. १/७२ मध्ये अर्ध्या मिमीची खाच म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिमी रुंद फट! लाईन जितकी बारीक तितकं चांगलं. जुन्या साच्यात लाईन्स उचललेल्या असतात, कडेला फ्लॅश (जादा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा) येतो, जाड भागावर सिंक मार्क (खळगे) पडतात. फ्लॅश ब्लेडने निघतो, त्याचं टेन्शन नको.

आणि एक, नवीन डबा म्हणजे नवीन साचा नसतो. तोच जुना साचा दुसऱ्या कंपनीच्या डब्यात पुन्हा विकला जातो, म्हणून साचा कुठल्या वर्षाचा ते शोधा आणि स्प्रूचे (सुटे भाग अडकलेल्या प्लास्टिकच्या चौकटीचे) फोटो मागवा. फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या.

डेकल शीट उजेडात धरून बघा. आपल्या एअरफोर्सच्या राउंडेलमध्ये (गोल खुणेत) मध्ये हिरवा, मग पांढरा, बाहेर केशरी. छपाई सरकलेली असेल तर हिरवा गोळा एका बाजूला जातो आणि पांढरी कड एकीकडे जाड, एकीकडे बारीक दिसते, हे रंगवून झाकता येत नाही. शीट पिवळी पडली असेल तर झिप पाऊचमध्ये घालून खिडकीच्या काचेला थोडे दिवस उन्हात चिकटवून ठेवा, बऱ्यापैकी उजळते.

किमतीचं म्हणाल तर नुसत्या डब्याचा भाव बघू नका. समजा एक किट १,५०० ला मिळालं पण त्यात भारतीय डेकल नाहीत, कॉकपिट सपाट आहे, म्हणून वेगळे डेकल, रेझिन सीट, मास्क (रंगवताना काच झाकायचे स्टिकर) मागवले तर ते सहज ३,५०० वर जातं, आणि ३,००० चं किट ज्यात हे सगळं आहे ते महाग वाटून तुम्ही सोडलेलं असतं. एडुआर्ड कंपनीचं उदाहरण घ्या, त्यांच्या प्रोफिपॅकमध्ये फोटोएच (पातळ धातूच्या पत्र्याचे बारीक भाग) आणि मास्क येतात, वीकेंड एडिशनमध्ये प्लास्टिक आणि डेकल एवढंच. पहिलंच मॉडेल असेल तर वीकेंड घ्या, फोटोएचच्या पट्ट्या वाकवत बसण्यापेक्षा सांधे नीट जुळवायला शिका, उरलेल्या पैशात चांगला चिमटा आणि बारीक कानस घ्या, सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानात दोन्ही मिळतात.

बाहेरून मागवणार असाल तर शिपिंग आणि कस्टम धरूनच तुलना करा. खेळण्यांवरची बेसिक ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०, त्यामुळे ऑर्डर टाकायच्या आधी तेव्हाचा दर बघा आणि इथल्या दुकानदाराचा भाव विचारा, कधीकधी तोच स्वस्त पडतो आणि पार्ट तुटका निघाला तर बदलून मागायला समोर माणूस असतो.