ई-वन पॅकेटवर चढवताना घड्याळ कोणाचं?

ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचं आतलं टेलिफोन एक्स्चेंज, अजून धडधाकट आहे, पण दोन इमारतींमधली ई-वनची (एकाच जोडणीवर अनेक कॉल नेणाऱ्या डिजिटल लाइनची) केबल गेली आणि हाताशी फक्त इथरनेट उरलं, अशी कामं माझ्याकडे बरीच येतात. दोन्ही टोकांना एकेक टीडीएम गेटवे, म्हणजे ई-वनचा प्रवाह पॅकेटांत भरून इथरनेटवरून नेणारा डबा, लावायचा. डबा बसवणं अर्ध्या तासाचं काम. खरी मेख क्लॉकमध्ये, म्हणजे दोन्ही टोकं एकाच वेगाने बिट पाठवतायत का यात.

मोड सॅटॉप ठेवा. आत काय आहे ते न बघता तो २.०४८ एमबीपीएसचा अख्खा प्रवाह उचलतो, त्यामुळे सिग्नलिंगचा, म्हणजे कॉल लावण्या-तोडण्याचे इशारे नेणारा, टाइमस्लॉट १६ राहून गेला अशी भानगड होत नाही. पेलोड, म्हणजे एका पॅकेटमधला माल, २५६ बाइट: म्हणजे ८ फ्रेम, १ मिलिसेकंद, सेकंदाला १००० पॅकेट. आयपी-यूडीपी आणि इथरनेटचं ओझं धरून लिंकवर साधारण २.६ एमबीपीएस लागतात. उशीर वाचवायला पेलोड ६४ केलात, तर तेच ४.३ वर जातं.

आता क्लॉक. बाहेरची पीआरआय (टेलिफोन कंपनीची ई-वन लाइन) ज्या एक्स्चेंजवर येते, ते मास्टर. तिथला गेटवे त्याच्याच ई-वनवरून क्लॉक घेईल. पलीकडचा गेटवे अडॅप्टिव्हवर, म्हणजे पॅकेटांच्या येण्यावरून क्लॉक बांधणारा, आणि त्याच्या मागचं एक्स्चेंज स्लेव्ह. दोन्हीकडे सिंक-ई (इथरनेटवरूनच येणारं सामाईक क्लॉक) मिळत असेल तर डिफरन्शिअल, म्हणजे त्या सामाईक क्लॉकशी फरक मोजणारा मोड, लावा, अडॅप्टिव्हच्या नादी लागू नका.

एका गोदामात मी पलीकडचा गेटवे चुकून 'इंटर्नल'वर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच क्लॉकवर, सोडला होता. लाइट हिरवा, पिंग स्वच्छ, बोलणंही ठीक. मधूनच एक 'टक्'. फॅक्स मात्र अर्ध्या पानावर तुटायचा. दोन दिवस मी बीएनसी कनेक्टर बदलत बसलो. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन काउंटरसमोर बसलो तेव्हा दिसलं, की बफर अंडररन (पॅकेटांचा साठा रिकामा पडणं) नेमका दर तेरा मिनिटं वीस सेकंदांनी येतोय. जिटर बफर, म्हणजे मागेपुढे येणारी पॅकेटं सावरणारा हा साठा, ८ मिलिसेकंदांचा, निम्मा भरलेला, म्हणजे हाताशी ४. गेटवेमधला क्रिस्टल, म्हणजे त्याचं घड्याळ, ५ पीपीएमने (दहा लाखांत ५) पुढे पळत असेल, तर ते संपायला ८०० सेकंद लागतात. केबलचा दोष असा वेळ पाळून येत नाही हो!

पॅकेटांना डीएससीपी ४६ (अग्रक्रमाची खूण) द्या, आणि मधला प्रत्येक स्विच ते मानतोय का बघा. रात्रीच्या बॅकअपने रांग लागली की अडॅप्टिव्ह क्लॉक डगमगतं. जिटर बफर ८ वर सुरू करा, मग काउंटर बघत बघत उतरवा. शेवटी पलीकडे लूप टाकून (आलेला सिग्नल तसाच परत पाठवून) बीईआर टेस्टर, म्हणजे चुकलेले बिट मोजणारं यंत्र, २४ तास चालवा, रात्र त्यात आलीच पाहिजे. सकाळी लूप काढून दहा पानं एका दमात फॅक्स करा, तीही कोरी नव्हे, गच्च छापलेली. दहावं पान पुरतं उतरलं की मग पावतीवर सही घ्या.