आखाजी ते मृग : परसातल्या वाफ्याची मशागत

पावसाळ्यात परसात गिलकी, भेंडी, गवार आणि भरतापुरती वांगी घ्यायची असतील, तर वाफ्याचे निम्मे काम आखाजी (अक्षय्य तृतीया) ते मृग नक्षत्र या महिनाभरात उरकून घ्यावे. खान्देशात या दिवसांत पारा ४३-४४ अंशांवर जातो. माणसाला नकोसे झालेले हे ऊन जमिनीला फुकटचे औषध आहे. मृग बरसल्यावर कुदळ शोधणाऱ्याची मात्र फजिती होते. तापी-गिरणाकाठची काळी जमीन तेव्हा पावलाला चिकटते आणि ओली खणली तर वाळून वीट होते.

पुढची सगळी मापे १० फूट लांब आणि ४ फूट रुंद वाफ्याची आहेत. रुंदी याहून वाढवू नका. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही.

खणण्याआधी माती ओळखा. काचेच्या पेल्यात पावसाचे किंवा फिल्टरचे गोडे पाणी घ्या, त्यात बोराएवढे वाळलेले ढेकूळ अलगद सोडा आणि पेला न हलवता तासभर ठेवा. ढेकूळ विरघळून तळाशी बसले आणि पाणी नितळ राहिले तर चिंता नाही. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरून तसाच टिकला, तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट, होत चालली आहे. अशा मातीत पाणी मुरत नाही, मुळे गुदमरतात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात हीच परीक्षा फसते, म्हणून पाणी गोडेच हवे. चोपण निघाल्यास खते टाकण्याआधी अर्धा किलो माती तपासायला द्या. त्यासाठी तीन-चार ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करून कडेची माती खरवडा, एकत्र मिसळा आणि सावलीत वाळवा. जिप्सम किती टाकायचे ते त्या अहवालावरूनच ठरवा.

नव्या कॉलनीतल्या प्लॉटवर बहुधा वेगळीच गोष्ट असते. वर चार बोटे माती आणि खाली भरावाचा मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा गिलावा. गिलावा वेचून बाहेर काढलाच पाहिजे, नाहीतर आधीच चुनखडीच्या मातीत आणखी चुना वाढतो. मग पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता असते. ती पाहून युरिया टाकणे वाया जाते. याच कारणाने आपल्याकडच्या काळ्या जमिनीत चुलीची राख घमेल्याने ओतू नये.

आता खणणी. मे महिन्यात काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात आणि कुदळ उसळून येते. संध्याकाळी वाफा भिजवा आणि तीन-चार दिवस थांबा. मग चार बोटे खालची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा, म्हणजे खणण्याजोगी ओल, आला. गोळा नुसता चपटा झाला, किंवा कुदळीने कापलेल्या मातीवर साबणासारखी चकाकी दिसली, तर आणखी एक दिवस धीर धरा. त्या चकाकीच्या जागी मातीची छिद्रे लिंपली जातात आणि तिथे मूळ शिरत नाही.

खोली वीतभर, म्हणजे नऊ इंच पुरे. एका टोकापासून चर घेत मागे सरका आणि खणलेल्या मातीवर उभे राहू नका. माती उलटून टाका, पण ढेकळे फोडू नका. इथेच बहुतेकांचा हात शिवशिवतो. मोठी ढेकळे उन्हात आतपर्यंत तापतात, हरळीची मुळे सुकतात, किडींचे कोष उघडे पडतात आणि साळुंक्या ते टिपतात. पुढे वळवाचा पाऊस पडला की तीच ढेकळे पाणी पिऊन फुगतात आणि आपोआप हरभऱ्याएवढ्या कणांत मोकळी होतात. मेमध्येच माती पिठासारखी केली तर पहिल्या जोरदार सरीने तिची पापडी बनते आणि भेंडीचे कोंब तिच्याखाली अडकून मरतात.

हरळी आणि लव्हाळा हाताने वेचावा लागतो, त्याला पळवाट नाही. हरळीचा कुदळीने तुटलेला प्रत्येक पेरा नवीन झाड देतो. लव्हाळ्याच्या गाठी माळेसारख्या एकीखाली एक असतात, म्हणून झाड उपटले तरी गाठी खालीच राहतात. वेचलेले सगळे पत्र्यावर कडक वाळवा. ओले शेणखताच्या खड्ड्यात टाकलेत तर ते खताबरोबर वाफ्यात परत येते.

गेल्या वर्षी रोपे मर रोगाने गेली असतील किंवा मुळांवर गाठी दिसल्या असतील, तर त्या वाफ्यापुरती ढेकळे फोडा, माती सपाट करून भिजवा आणि पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीत गाडा. चार ते सहा आठवडे ते तसेच ठेवा. प्लॅस्टिक काळे नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. त्या जागी यंदा वांगी, मिरची, टोमॅटो यांपैकी काही लावू नका.

सातपुड्याच्या पायथ्याची मुरमाड, हलकी जमीन असेल तर एवढा खटाटोप नको. अर्धी वीत हलवा, दगड वेचा आणि खत थोडे जास्त द्या.

शेणखत मेच्या उन्हात पसरू नका. त्यातला नत्र उडून जातो. मृगाआधीचे रोहिणी नक्षत्र सरता सरता किंवा पहिल्या पावसाचा वाफसा आल्यावर १५ ते २० किलो, म्हणजे साधारण दोन भरलेली घमेली, अर्ध्या वितीपर्यंत मिसळा. त्यातच पाऊण किलो निंबोळी पेंड, १०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगांना रोखणारी उपयुक्त बुरशी) घाला. ट्रायकोडर्मा मात्र सुपर फॉस्फेटमध्ये न मिसळता ओलसर शेणखतात कालवूनच द्यावा. खताच्या ढिगात हात घातल्यावर ऊब लागली किंवा शेणाचा वास आला तर खत कच्चे आहे. असे खत मुळे खाणाऱ्या हुमणी अळीला आमंत्रण देते. चाळताना इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर वेचून माराव्यात. पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या काड्यांचा) ताजा भुगाही मातीत मिसळू नका, तो कुजताना पिकाचा नत्र ओढतो. रावेर-यावलकडे केळीचे खांब मुबलक मिळतात. त्यांचे वीतभर तुकडे करून शेणकाल्यासोबत खड्ड्यात कुजवा आणि पुढच्या हंगामाला वापरा.

मग दाताळ्याने सहा ते आठ इंच उंच गादी ओढा आणि दोन गाद्यांत दीड फूट वाट ठेवा. काळ्या जमिनीत श्रावणात पाणी साचते, तेव्हा ही उंचीच मुळे वाचवते. गादी झाल्या झाल्या बी टाकू नका. आठ-दहा दिवसांत तणाची पहिली फेर उगवेल. ती खुरप्याने वरच्यावर खरवडा. खोल गेलात तर खालचे बी वर येते. त्यानंतर भेंडी इंचभर खोल टोचा.

मृग कोरडा गेला तर घाईने नळीचे पाणी सोडून त्याच दिवशी गादी ओढू नका. भिजवा, थांबा आणि पुन्हा मुठीतला गोळा टाकून पाहा.