पुस्तकबंदीच्या कादंबऱ्यांतून इंग्रजी शब्द कसे शिकावेत

नववीतल्या एका मुलीनं वहीत लिहिलं होतं, ‘चॅलेंज : आव्हान’. शब्दकोशात तेच आहे. पण कादंबरीतल्या वाक्यात एका पालकानं शाळेतलं पुस्तक ‘चॅलेंज’ केलं होतं. ती म्हणाली, “सर, पुस्तकाला कोण कशाला आव्हान देऊ लागलंय?”

मी तिला तहसीलच्या फलकावरचा कागद आठवायला सांगितला. मतदारयादी लागली की खाली ओळ असते, ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’. चॅलेंज म्हणजे ती हरकत. अमुक पुस्तक ग्रंथालयात नको, असं रीतसर कळवणं. ती लगेच म्हणाली, “म्हणजे आमच्या फेरफाराला चुलत्यानं घेतली तशी?” अगदी तशी. हरकत मान्य होऊन पुस्तक कपाटातून निघालं, की त्याला ‘बॅन’ म्हणायचं. अमेरिकेतले ग्रंथपाल हे दोन शब्द वेगळे ठेवतात, तुम्हीही ठेवा.

शब्द वाढवायला मी याच विषयाच्या कादंबऱ्या सुचवतो, कारण यात भांडणच पुस्तकावरून असतं. हरकत, समिती, नियम, अर्ज, मतदान हे शब्द कधी पत्रात, कधी सभेत, कधी मुलांच्या गप्पांत पुन्हा पुन्हा भेटतात. पाठ करावे लागत नाहीत.

सुरुवात अॅलन ग्रॅट्झ यांच्या २०१७ च्या ‘बॅन धिस बुक’नं करा. नायिका चौथीतली आहे, त्यामुळे इंग्रजी सोपं आहे. मराठी माध्यमाच्या आठवी-नववीला ते बरोबर बसतं. दुसरं पुस्तक निवडताना मधलं कुठलंही पान उघडा आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट उचला. पानभरात पाचही बोटं वर गेली, तर ते पुढच्या वर्षासाठी ठेवा. तालुक्याच्या वाचनालयात अशी पुस्तकं सहसा मिळत नाहीत. चार-पाच जणांनी वर्गणी काढून एक प्रत मागवली तरी भागतं. प्रत सामायिक असेल तर पेन्सिल लावू नका, कागदाच्या चिठ्ठ्या घाला.

पहिल्यांदा एक प्रकरण शब्दकोश बाजूला ठेवून वाचा. जिथं गोष्टच पुढं सरकत नाही, तिथंच चिठ्ठी. अनोळखी शब्द दिसला की थांबायची सवय आपल्याला पाठ्यपुस्तकानं लावली आहे, ती मोडायला आठवडाभर लागतो.

मग आधी ओळखीचे शब्द तपासा. माझ्या अनुभवात मुलं अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्याच शब्दांना जास्त फसतात. ‘बोर्ड’ म्हटलं की आपल्याला दहावी-बारावीची परीक्षा आठवते. तिथलं ‘स्कूल बोर्ड’ परीक्षा घेत नाही. ते बहुतेक ठिकाणी मतदारांनी निवडून दिलेलं मंडळ असतं. त्या भागातल्या शाळांचा कारभार ते बघतं, आणि त्याच्या उघड सभेत गावकऱ्यांना बोलता येतं. आपली शाळा व्यवस्थापन समिती डोळ्यांसमोर आणा आणि तिचे अधिकार कितीतरी वाढवा. ‘चेक आउट’ आपल्याकडं लॉजवर होतं, तिथं पुस्तक आपल्या नावावर घेणं. सोसायटीचं कर्ज थकतं, तसं मुदत उलटलेलं पुस्तक ‘ओव्हरड्यू’. आणि ‘लॉकर’ बँकेतला नव्हे. तो शाळेच्या व्हरांड्यातला प्रत्येक मुलाचा छोटा खण. नायिका त्यातच बंदी घातलेल्या पुस्तकांचं वाचनालय थाटते. हा एक शब्द चुकला तर अर्धी गंमत जाते.

वहीत नुसता अर्थ लिहू नका. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवा, पुढं आपल्या घरात किंवा कचेरीत चालणारा मराठी शब्द लिहा, आणि खाली स्वतःचं इंग्रजी वाक्य. त्या मुलीनं चुलत्यानं ‘चॅलेंज्ड द एन्ट्री’ असं लिहिलं होतं, आणि ते बिनचूक होतं. दिवसाला पाचच शब्द. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्यानं मराठी बाजू हातानं झाकून पुन्हा बघा.

पुस्तक संपलं की त्याचीच बातमी शोधून वाचा. २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या इंडियन रिव्हर काउंटीच्या स्कूल बोर्डानं हेच पुस्तक शाळांतून काढून टाकलं. ऑब्जेक्शन, व्होट, रिमूव्ह हे शब्द बातमीत भेटतात, तेव्हा मुलं पानावर बोट ठेवून ओरडतात.

शनिवारी शाळा सुटल्यावर सभा भरवा. पाच जण बोर्ड, एक हरकत घेणारा, एक ग्रंथपाल, बाकीचे गावकरी. वाक्यं मराठीत चालतील, पण शिकलेले शब्द इंग्रजीतच यायला हवेत. कादंबरीत नायिकेला पहिल्या सभेत बोलायचा धीर होत नाही. वर्गातल्या अबोल मुलाला तिचीच भूमिका द्या.

शेवटी हे शब्द आपल्या इतिहासावर वापरून बघा. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत मुलांनी ऐकलेलं असतं, की निजामाच्या राजवटीत १९३८ साली वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणायला मनाई झाली, विद्यार्थ्यांनी संप केला, उस्मानिया विद्यापीठातून कित्येकांना काढून टाकलं आणि नागपूर विद्यापीठानं त्यांना प्रवेश दिला. यावर पाच वाक्यं इंग्रजीत लिहायला सांगा. मराठीत पुस्तकही ‘काढून टाकलं’ आणि विद्यार्थ्यालाही ‘काढून टाकलं’. इंग्रजीत पुस्तक ‘रिमूव्ह’ होतं, विद्यार्थी ‘एक्सपेल’ होतो. तपासताना लाल पेन तिथंच तयार ठेवा, निम्मा वर्ग तिथं चुकतो.